वडिलांचा फ्लॅट: बक्षीसपत्र, मृत्युपत्र, की नॉमिनेशन पुरेसे?

रानजाई
नमस्कार. माझे वडील ७८ वर्षांचे आहेत आणि आई ७२ वर्षांची. मुलुंड पूर्वेला एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत त्यांचा फ्लॅट आहे. तो वडिलांनी नोकरीच्या पगारातून आणि कर्ज काढून घेतला असून एकट्या त्यांच्याच नावावर आहे. आम्ही तीन भावंडे. मी ठाण्याला, धाकटी बहीण नाशिकला, आणि भाऊ-वहिनी आईवडिलांसोबत त्याच घरात राहतात. सोसायटीत नॉमिनी म्हणून भावाचे नाव दिलेले आहे.

वडिलांच्या मनात असे आहे की, आपल्यामागे कोणाला कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागू नयेत म्हणून फ्लॅट आत्ताच बक्षीसपत्राने भावाच्या नावे करून टाकावा. आम्हा बहिणींची त्याला हरकत नाही, कारण भाऊ आणि वहिनी त्या दोघांचे मनापासून करतात. मला काळजी वाटते ती आईची. तिच्या नावावर काहीच नाही, पेन्शनही नाही. उद्या वडील नसतील तेव्हा तिचा त्या घरावर नेमका कोणता हक्क राहील? नॉमिनेशन आधीच केलेले असताना बक्षीसपत्राची किंवा मृत्युपत्राची गरज आहे का? जाणकारांनी आणि या सगळ्यातून गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सोसायटी_सचिव
रानजाईताई, आधी नॉमिनेशनबद्दल लिहितो, कारण मुंबईत याविषयी इतका गैरसमज आहे की आमच्या संस्थेच्या सर्वसाधारण सभेत हा विषय दरवर्षी कोणीतरी काढतोच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी तेरा-ब हे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यातील कलम १५४ ब-१३ सभासदाच्या मृत्यूनंतर त्याचा संस्थेतील भाग (शेअर) कोणाच्या नावे करायचा याबद्दल आहे. मृत्युपत्र, वारस प्रमाणपत्र किंवा वारसांनी आपसांत केलेली कौटुंबिक व्यवस्था यांच्या आधारे संस्था हस्तांतरण करते. नॉमिनीला घेतले जाते ते 'तात्पुरता सदस्य' म्हणून, म्हणजे खरे वारस नोंदले जाईपर्यंत. देखभाल खर्चाची बिले कोणाच्या नावे काढायची आणि सभेची सूचना कोणाला द्यायची हे संस्थेला कळावे, एवढाच त्याचा उपयोग आहे. त्यामुळे तुमचा भाऊ नॉमिनी असला तरी त्या एकाच आधारावर तो मालक होत नाही.

कोर्टनाका
सचिवांनी लिहिलेले अचूक आहे. मी वकिली करतो, म्हणून त्यात थोडी भर घालतो. नॉमिनी हा रक्कम किंवा मालमत्ता वारसांसाठी ताब्यात घेणारा विश्वस्त असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली आयुर्विमा पॉलिसीच्या संदर्भात 'सरबती देवी' खटल्यात सांगितले होते. डिसेंबर २०२३ मध्ये 'शक्ती येझदानी' खटल्यात कंपन्यांच्या शेअरबाबतही न्यायालयाने तेच तत्त्व कायम ठेवले. अपवाद आहे तो विम्याचा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमेदाराने आईवडील, पती-पत्नी किंवा मुले यांपैकी कोणाला नॉमिनी केले असेल, तर पॉलिसीच्या रकमेवर त्या व्यक्तीचा स्वतःचा हक्क मानला जातो. फ्लॅटला हा अपवाद लागू नाही.

आता तुमच्या घराचा हिशेब पाहू. तुमच्या वडिलांनी काहीही लिहून ठेवले नाही, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे पहिल्या वर्गातील वारसांना समान वाटा मिळतो. तुमची आई, तुम्ही, तुमची बहीण आणि तुमचा भाऊ या चौघांचा प्रत्येकी एक चतुर्थांश. फ्लॅट वडिलांचा स्वकष्टार्जित असल्यामुळे मृत्युपत्राने तो कोणाला द्यायचा याचे त्यांना पूर्ण स्वातंत्र्य आहे. मुलींना २००५ साली मिळालेला, आणि महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीनेच आलेला, जन्मसिद्ध हक्क हा एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतला आहे. त्याचा या फ्लॅटशी संबंध नाही.

चाफा
मी मात्र बक्षीसपत्राच्या बाजूने लिहिणार आहे. आमच्या सासऱ्यांनी रीतसर मृत्युपत्र केले होते, दोन साक्षीदार होते, सगळे होते. तरीही ते गेल्यावर उच्च न्यायालयातून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, घेताना एका नातेवाइकाने हरकत नोंदवली आणि साधा अर्ज दाव्यात बदलला. त्या काळात घराची डागडुजी करता आली नाही, विकता आले नाही, पुनर्विकासाच्या करारावर सही कोणी करायची हेही ठरेना. मनुष्य हयात असताना स्वतःच्या हाताने देऊन गेला तर नंतर त्याच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागा राहत नाही. शिवाय महाराष्ट्रात राहते घर पती-पत्नी, मुलगा, मुलगी किंवा नातवंडांना बक्षीस द्यायचे असेल तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. त्यावर नोंदणीचे आणि स्थानिक अधिभाराचे किती पडतील ते दुय्यम निबंधकाकडे विचारून घ्यावे. भाऊ विश्वासाचा आहे असे रानजाई स्वतः म्हणतात, मग विनाकारण त्याच्याविषयी संशय का धरावा?

आरे_रस्ता
चाफाताई, प्रश्न भावाच्या विश्वासाचा नाही, असे मला मनापासून वाटते. चांगल्या माणसाच्या बाबतीतही काय काय घडू शकते, ते पाहायला हवे.

बक्षीसपत्र नोंदवले त्या दिवसापासून फ्लॅट भावाचा झाला. त्याच्या व्यवसायात तोटा आला तर त्याचे धनको त्या फ्लॅटवर येऊ शकतात. त्याने कर्जासाठी तो गहाण ठेवला तर वडिलांची परवानगी लागणार नाही. इमारत पुनर्विकासाला गेली तर विकासकाकडून मिळणारे पर्यायी घराचे भाडे आणि कॉर्पसची (विकासक सभासदाला देतो ती एकरकमी) रक्कम भावाच्या खात्यात जमा होईल. आणि ज्याचा उच्चार घरात कोणी करू इच्छित नाही, तेही लिहिते: ईश्वर न करो, पण भाऊ वडिलांच्या आधी गेला आणि त्याने मृत्युपत्र केलेले नसले, तर त्याचे वारस कोण? त्याची पत्नी, त्याची मुले आणि त्याची आई. मुलाच्या मालमत्तेत आई पहिल्या वर्गात येते, वडील येत नाहीत. ज्यांनी आयुष्यभर हप्ते भरले, त्यांचा त्या घरात कायद्याने वाटाच उरणार नाही. आमच्या नात्यात हे घडलेले मी जवळून पाहिले आहे. त्यात कोणीही वाईट वागले नव्हते, तरी त्या म्हाताऱ्या माणसाला शेवटची वर्षे कोणाच्या तरी मर्जीवर राहतो आहोत असे वाटत राहिले.

कोर्टनाका
आरे_रस्ता यांनी मांडलेला मुद्दा कायद्याने बरोबर आहे आणि तो घरच्या चर्चेत जवळजवळ कधीच येत नाही. त्याला जोडून सांगतो की, २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियमात 'अपत्य' या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात येतात, सून येत नाही. म्हणजे भाऊ आधी गेला तर त्या व्याख्येच्या आधारे सुनेकडे निर्वाह मागता येत नाही.

निवृत्त_महसूल
२००७ च्या कायद्याचा उल्लेख झाला आहे, तर त्यावर जरा सविस्तर लिहितो. नोकरीत असताना या कायद्याखालचे अर्ज मी जवळून पाहिले आहेत.

साठ वर्षांवरील जी व्यक्ती स्वतःच्या उत्पन्नावर किंवा मालमत्तेवर निर्वाह करू शकत नाही, ती मुलांविरुद्ध निर्वाहभत्त्यासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. पीठासीन अधिकारी उपविभागीय अधिकारी दर्जाचा असतो. कायद्यात भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. मूल नसलेल्या ज्येष्ठांसाठी, त्यांची मालमत्ता ज्याला वारसाने मिळणार आहे अशा नातेवाइकावर ही जबाबदारी येते. अर्ज साध्या कागदावर, स्वतः किंवा एखाद्या संस्थेमार्फत करता येतो.

या धाग्यासाठी महत्त्वाचे आहे ते कलम २३. ज्येष्ठ नागरिकाने 'माझ्या मूलभूत सोयी आणि शारीरिक गरजा तू पाहशील' अशा अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दडपणाखाली झाले असे मानून न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकते. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'सुदेश छिकारा' खटल्यात सांगितले की अशी अट असल्याचे सिद्ध झालेच पाहिजे, केवळ प्रेमाने दिलेल्या बक्षिसाला हे कलम आपोआप लागत नाही. जानेवारी २०२५ मधील 'उर्मिला दीक्षित' खटल्यात कायद्याचा हेतू लक्षात घेऊन उदार अर्थ लावावा अशी भूमिका न्यायालयाने घेतली. माझे मत स्पष्ट आहे. बक्षीसपत्र करायचेच असेल तर ती अट त्या दस्तातच, स्पष्ट शब्दांत लिहावी. अनेक आईवडिलांना मुलासमोर अशी अट लिहून घ्यायचा संकोच वाटतो आणि त्या संकोचामुळे दस्तात 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी' एवढेच वाक्य राहते. पुढे अडचण आली तर त्या एका वाक्यातून अट शोधून काढणे फार अवघड जाते.

चाफा
अटीचे पटले. मग बक्षीसपत्रातच 'आम्हा उभयतांना हयातभर राहण्याचा हक्क राखून' असे लिहिले तर चालत नाही का?

कोर्टनाका
चालते. देणाऱ्याने हयातभर ताबा आणि उपभोग स्वतःकडे ठेवून केलेले नोंदणीकृत बक्षीसपत्र वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली 'रेणिकुंतला राजम्मा' खटल्यात मान्य केले आहे. पण राहण्याचा हक्क हातात असला तरी मालकीहक्क गेलेला असतो. उपचारासाठी मोठी रक्कम लागली आणि घर विकून लहान घरात जावे असे वडिलांना वाटले, तर तो निर्णय त्यांच्या हातात राहत नाही.

गिरगावकर
आमची खोली पागडीची आहे. आजोबांपासून भाड्याची पावती आमच्या घराण्यात आहे आणि आता वडिलांच्या नावावर आहे. वडील म्हणतात, मी मृत्युपत्रात खोली मोठ्या मुलाला लिहून ठेवतो. हे होऊ शकते का?

कोर्टनाका
गिरगावकर, हे करू नये, कारण त्याचा उपयोग होणार नाही. भाडेनियंत्रण कायद्याने संरक्षित भाडेकरूला तो भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली मुंबईतील भाडे कायद्याच्याच संदर्भात ठरवले आहे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ७(१५)(ड) प्रमाणे, भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातील सदस्य भाडेकरू होतो. असा कोणी नसेल तर वारसांनी एकमताने ठरवलेला, आणि एकमत न झाल्यास न्यायालय ठरवील तो. म्हणून चाळीत आणि उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींत कागदापेक्षा वास्तव्याला महत्त्व आहे. शिधापत्रिका, मतदार यादी, वीजबिल, मुलांच्या शाळेचे दाखले हे पुरावे जपून ठेवावेत. इमारतीचा पुनर्विकास होऊन मालकी हक्काचे घर मिळाले, की मग मात्र त्या घरासाठी मृत्युपत्र करता येते.

गिरगावकर
मन:पूर्वक आभार. आमच्या मजल्यावरच्या चार-पाच घरांना तरी हे आजच सांगतो.

मुक्काम_पोस्ट_पार्ले
चाफाताईंच्या प्रोबेटच्या अनुभवाबद्दल एक नवी गोष्ट नोंदवायला हवी. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ च्या कलम २१३ मुळे मुंबई, चेन्नई आणि कोलकाता या जुन्या इलाखा शहरांच्या हद्दीत हिंदूंनी केलेल्या किंवा तिथल्या स्थावर मालमत्तेविषयीच्या मृत्युपत्रावरून हक्क सांगायचा असेल तर प्रोबेट सक्तीचे होते. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडच्या फ्लॅटला प्रोबेट लागायचे आणि पलीकडे ठाण्यात केलेल्या, ठाण्यातल्याच घराच्या मृत्युपत्राला नाही, असा तो प्रकार होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन व सुधारणा कायद्याद्वारे हे कलमच काढून टाकले. आता सक्ती नाही. मात्र प्रोबेट घेण्याची वाट बंद झालेली नाही. वाद होण्याची शक्यता असेल, वारस परदेशी असतील किंवा पुढे खरेदीदाराला निर्वेध हक्क दाखवायचा असेल, तर ते घेणे आजही शहाणपणाचे आहे. महाराष्ट्रात त्याचे न्यायालयीन शुल्क कमाल ७५,००० रुपये आहे.

त्यामुळे 'मृत्युपत्र नको, कारण प्रोबेट' या युक्तिवादाचे वजन बरेच कमी झाले आहे.

चाफा
ही माहिती आमच्या वेळी लागू असती तर घरातले कितीतरी ताण वाचले असते. तरीही साक्षीदार आणि वडिलांची मनःस्थिती या दोन गोष्टींवर हरकत येतेच, आणि ती कशी टाळावी यावर कोणीतरी लिहावे.

निवृत्त_महसूल
लिहितो. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो, हाताने लिहिलेले असो वा टंकलिखित. करणाऱ्याने सही करावी आणि किमान दोन साक्षीदारांनी, त्याला सही करताना पाहून, त्याच्यासमोर आपापल्या सह्या कराव्यात. नोंदणी ऐच्छिक आहे, पण माझा आग्रह नोंदणीचाच आहे, कारण दुय्यम निबंधकासमोर मनुष्य स्वतः उभा राहतो आणि त्याचे छायाचित्र व अंगठा दस्ताला जोडला जातो. नोंदणी केली तरी मृत्युपत्र केव्हाही बदलता येते आणि शेवटचे मृत्युपत्रच ग्राह्य धरले जाते, नोंदणीकृत असो वा नसो.

साक्षीदार वयाने करणाऱ्यापेक्षा बरेच लहान, सहज सापडणारे आणि ज्यांना मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही असे असावेत. वाद झाला तर किमान एका साक्षीदाराला न्यायालयात येऊन सांगावे लागते की, सही माझ्यादेखत झाली. समवयस्क मित्राला साक्षीदार करण्याची आपली पद्धत भावनेला धरून आहे, पण वीस वर्षांनी ती अडचणीची ठरते. सत्तरी उलटलेल्या व्यक्तीने त्याच दिवशी नेहमीच्या डॉक्टरांकडून 'विचारशक्ती शाबूत आहे, दस्तातील मजकूर समजतो' असे प्रमाणपत्र घेऊन ते जोडावे. ज्या मुलाला सर्वाधिक मिळणार आहे त्याने वकील ठरवणे, मसुदा आणणे, वडिलांना कचेरीत नेणे यांत पुढाकार घेऊ नये. संशयाचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते.

कोणाला कमी किंवा काहीच दिले नसेल तर त्याचे कारण एका वाक्यात, कोणाचा मान न दुखावता लिहावे. आणि शेवटी 'वर उल्लेख न केलेली माझी उर्वरित सर्व मालमत्ता अमुक व्यक्तीला' हे कलम विसरू नये. ते नसेल तर मृत्युपत्रानंतर उघडलेल्या एखाद्या ठेवीसाठीही वारसाहक्काचे प्रमाणपत्र शोधत फिरावे लागते.

माहेरवाट
रानजाई, तुम्ही लिहिलेत की आम्हा बहिणींची हरकत नाही. या वाक्यावर मी बराच वेळ थांबले.

आमच्या वडिलांनी काही लिहून ठेवले नव्हते. ते गेल्यावर तेराव्याच्या दिवशी हक्कसोडपत्राचा मसुदा तयार होता आणि आम्ही तिघी बहिणींनी रडलेल्या डोळ्यांनी 'हो' म्हटले. कोणी जबरदस्ती केली नाही. पण 'तुम्हाला काय कमी आहे, भावाशी संबंध तोडणार का' हे न बोलताही घरभर ऐकू येत होते. आज आईला दाखवायला मोठ्या रुग्णालयात न्यायचे म्हटले की खर्चाचा निर्णय भाऊ घेतो, कारण घर त्याचे आहे. तो वाईट नाही, पण आईला विचारण्याची गरज आता कोणाला वाटत नाही. तिनेही आपला वाटा त्याच कागदावर सोडून दिला होता.

मला एवढेच कळकळीने सांगायचे आहे की, बहिणींनी हक्क सोडायचा असेल तर खुशाल सोडावा, पण आईने तिच्या हयातीत सोडू नये. हक्कसोडपत्र एकदा नोंदवले की मागे घेता येत नाही.

कोर्टनाका
माहेरवाट यांचे म्हणणे प्रत्येक घराने वाचावे असे आहे. कायद्याचा भाग एवढाच जोडतो की, वडील हयात असताना मुलींनी दिलेल्या 'आमचा हक्क नाही' अशा लेखी संमतीला अर्थ नसतो. पुढे वारस होण्याची केवळ शक्यता ही हस्तांतरित करता येणारी मालमत्ता नाही, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ६ सांगते. त्यामुळे रानजाईताईंची आणि त्यांच्या बहिणीची आजची संमती प्रेमाची आहे, पण तिच्यावर भिस्त ठेवून वडिलांनी स्वस्थ बसू नये.

पारिजातक
मी दहिसरला राहते. यजमान गेले, आम्हाला मूल नाही. फ्लॅट मी माझ्या शिक्षिकेच्या नोकरीतून घेतला. माझ्यानंतर तो माझ्या भाचीला मिळावा अशी इच्छा आहे. ती माझ्या बहिणीची मुलगी. मृत्युपत्र केले नाही तर तिला मिळेल का?

कोर्टनाका
नाही, पारिजातकताई. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे आधी मुले आणि पती, ते नसल्यास पतीचे वारस, आणि त्यानंतर तिचे आईवडील असा क्रम आहे. तुमच्या कष्टाचा फ्लॅट तुमच्या दिरांकडे किंवा त्यांच्या मुलांकडे जाईल. आईवडिलांकडून वारसाने मिळालेली मालमत्ता तेवढी, मूल नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. अपत्य नसलेल्या कमावत्या स्त्रीने मृत्युपत्र करणे मी सर्वांत तातडीचे समजतो. कृपया पुढे ढकलू नका.

वसईकर
आम्हा ख्रिस्ती कुटुंबांसाठी एक नोंद. आम्हाला १९२५ चा कायदा थेट लागू आहे आणि त्यानुसार मृत्युपत्र केल्यानंतर विवाह झाला तर आधीचे मृत्युपत्र रद्द होते. उतारवयात दुसरा विवाह करणाऱ्यांनी नवे मृत्युपत्र करावे. आमच्या शेजारच्या मुस्लिम कुटुंबाने सांगितले की त्यांच्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. त्यामुळे दुसऱ्या धर्माच्या मित्राचा मसुदा उतरवून घेणे कोणीही टाळावे.

परळ_वैद्य
सर्वजण मृत्यूनंतरच्या व्यवस्थेबद्दल लिहीत आहेत. रुग्णालयात काम करणारी व्यक्ती म्हणून मला त्याआधीच्या काळाबद्दल लिहावेसे वाटते, कारण कुटुंबे खरी हतबल होतात ती तेव्हा.

पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश झाल्यावर अनेक मुले मुखत्यारपत्र दाखवतात. आपल्या कायद्यात मुखत्यारपत्र देणाऱ्याची विचारशक्ती गेली की ते संपते, म्हणजे जेव्हा त्याची सर्वाधिक गरज असते तेव्हाच ते निरुपयोगी होते. मग पालकत्वासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. म्हणून चालत्याबोलत्या काळात खाती 'कोणीही एक किंवा हयात' पद्धतीने आईच्या नावासह संयुक्त करून घ्यावीत. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीच्या खात्याला चार नॉमिनी देता येतात. जुन्या विसरलेल्या ठेवींचा शोध रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' संकेतस्थळावर घेता येतो.

दुसरी गोष्ट वैद्यकीय इच्छापत्राची. बरे होण्याची आशा उरली नसताना कृत्रिम उपायांनी आयुष्य लांबवू नये, ही इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा, तेही त्यात लिहिता येते. मुंबईतील डॉ. निखिल दातार यांच्या जनहित याचिकेनंतर अशी पत्रे जतन करणारे अधिकारी महापालिकेत नेमले गेले. हे पत्र असले म्हणजे अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या मुलांना 'आपण वडिलांचा उपचार थांबवला' या ओझ्याखाली पुढचे आयुष्य काढावे लागत नाही.

आरे_रस्ता
डॉक्टरांच्या या प्रतिसादाची प्रत मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात वाचून दाखवणार आहे. त्रासात असलेल्या ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे, तिचा क्रमांक सर्वांनी नोंदवून ठेवावा.

रानजाई
सर्वांचे मनापासून आभार. हा धागा मी आणि भावाने वडिलांसोबत बसून वाचला. आरे_रस्ता यांचा 'भावाचे वारस' हा मुद्दा भावानेच त्यांना पुन्हा समजावून सांगितला आणि बक्षीसपत्र नको असे तोच म्हणाला. वडिलांनी मृत्युपत्र करायचे ठरवले आहे. फ्लॅट आईला हयातभर राहायला आणि तिच्यानंतर भावाला, ठेवी आम्हा दोघी बहिणींना, असे त्यांच्या मनात आहे. कोर्टनाका, यात काही खटकते का?

कोर्टनाका
रानजाईताई, एक जागा आहे आणि ती बारीक असली तरी महत्त्वाची आहे. हिंदू स्त्रीला मृत्युपत्राने केवळ हयातभराचा उपभोग दिला, तर सामान्यतः हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १४(२) प्रमाणे तो मर्यादितच राहतो. पण तो तिच्या निर्वाहाच्या हक्कापोटी दिला आहे असे दिसले, तर कलम १४(१) खाली तो पूर्ण मालकीत रूपांतरित होऊ शकतो. १९७७ च्या 'तुलसम्मा' निकालापासून यावर असंख्य खटले झाले आहेत. 'पत्नीच्या निर्वाहासाठी हयातभर' असे एखादे वाक्य सहज लिहिले जाते आणि पुढच्या पिढीत त्यावरून वाद होतो.

माझा सल्ला विचाराल तर वडिलांनी फ्लॅट आईला पूर्ण मालकीने द्यावा, आणि आई त्यांच्या आधी गेल्यास भावाला जावा असे पर्यायी कलम घालावे. त्याच दिवशी आईने स्वतःचे मृत्युपत्र करून फ्लॅट भावाला आणि इतर गोष्टी तिच्या इच्छेप्रमाणे द्याव्यात. हयातभराचाच हक्क द्यायचा असेल तर आजारपणासाठी घर विकण्याचा किंवा पुनर्विकासाच्या करारावर सही करण्याचा अधिकार कोणाला, हे स्पष्ट लिहावे, नाहीतर विकासकासमोर एकट्या आईची किंवा एकट्या भावाची सही अपुरी पडते. ठेवींचे नॉमिनेशनही मृत्युपत्राशी जुळवून घ्यावे, म्हणजे बँकेतून पैसे एकाने घेऊन दुसऱ्याला द्यायचे, ही वेळ येणार नाही.

रानजाई
पूर्ण मालकीचे वडिलांना लगेच पटले. आई म्हणते, 'माझ्या नावावर घर कशाला, मला काय करायचे आहे.' तिला समजवायचे काम आम्हा दोघी बहिणींचे. शेवटचा प्रश्न: नोंदणीनंतर मूळ प्रत वडिलांच्या लॉकरमध्ये ठेवावी का?

निवृत्त_महसूल
लॉकर एकट्या त्यांच्या नावावर असेल तर ठेवू नका. तो उघडण्यासाठीच वारसांचे कागद लागतील आणि ते कागद आत बंद असतील. मूळ प्रत आईजवळ किंवा मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक म्हणून ज्याला नेमाल त्याच्याजवळ ठेवा, आणि दस्त क्रमांक व दिनांक तिघा भावंडांना लिहून द्या. वडील हयात असेपर्यंत नोंदणी कार्यालय त्यांच्याशिवाय किंवा त्यांच्या मुखत्याराशिवाय कोणालाही प्रत देत नाही. नंतर मृत्यूचा दाखला दाखवून नक्कल मिळते. मजकूर घरातही गुप्त ठेवायचा असेल तर बंद लखोट्यात जिल्हा निबंधकाकडे अनामत ठेवण्याची सोय नोंदणी अधिनियमाच्या कलम ४२ मध्ये आहे, पण तुमच्या घरात सगळे एकत्र बसून वाचत असताना त्याची आवश्यकता मला दिसत नाही. आईंचे मृत्युपत्र मात्र त्याच दिवशी करून घ्या, ते पुढच्या खेपेवर टाकू नका.